वाचक विचारतात: बोटीवर ओव्हन घ्यायचाय, पण ठेवणार कुठे?

मागच्या वेळी बोटीवरच्या शेगडीबद्दल लिहिताना जाता जाता ओव्हनचा उल्लेख केला होता, बस, तेवढ्यावर पत्रांचा ढीग आलाय. म्हणून या वेळी सगळी जागा ओव्हनला. काही पत्रं एकसारखीच होती ती एकत्र केली आहेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: काका, आमची मासेमारीची बोट ३८ फुटी, फायबरची. एका फेरीला चार-पाच दिवस बाहेर असतो, सहा जण. शेगडी आहे पण रोज तेच खाऊन कंटाळा आलाय म्हणून पोर्टेबल ओव्हन घ्यायचं चाललंय. एकजण म्हणतो घरातला ओटीजीच, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, उचलून नेऊ, दुसरा म्हणतो कॅम्पिंगचा गॅसवाला घे, वर दोन बर्नर आणि खाली ओव्हन असतो तो. कुठला घेऊ?

कुठला घेऊ ते नंतर बघू, आधी ठेवणार कुठे ते सांगा. तुमच्या अख्ख्या पत्रात जागेबद्दल एक शब्द नाहीये, आणि मला आलेल्या बहुतेक पत्रांचं हेच आहे. ओव्हन दुकानात बघून आवडतो, मग बोटीवर येतो आणि मग जागा शोधणं सुरू होतं, शेवटी जिथे मावतो तिथे बसतो. मावतो ती जागा बरोबर असतेच असं नाही.

तर पैसे खर्च करायच्या आधी एक करा. ओव्हनच्या बाहेरच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं बनवा, त्यात पाण्याच्या बाटल्या भरून ओव्हनएवढं वजन आणा, दार पुढे जेवढं उघडतं तेवढी पुठ्ठ्याची फळी पुढे चिकटवा आणि हे खोकं ठरवलेल्या जागी बांधून एक फेरी मारून या. चार दिवसांत सगळं कळतं. कुणाचा गुडघा आपटतो, जाळं ओढायच्या घाईत कुणाचा हात त्यावर टेकतो, रात्री झोपेत उठलेला माणूस कुठे धडपडतो. पुठ्ठा चेपला असेल तिथे ओव्हन असता तर चटका बसला असता. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा, या खोक्याला आग लागली तर झोपलेली माणसं दारापर्यंत पोचतील का? ओव्हन बंक (झोपायची फळी) आणि दार यांच्या मधे येत असेल तर ती जागा बाद, मग बाकी कितीही सोयीची असू दे.

चांगली जागा म्हणजे साधारण बोटीच्या लांबीच्या मध्याजवळ आणि जमेल तेवढी खाली, कारण तिथे हलणं सगळ्यात कमी. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे ठेवला तर समोरच्या लाटेत ओव्हन उड्या मारणार. इंजिनच्या झाकणावर नको, पेट्रोलचा कॅन जिथे असतो तिथे अजिबात नको, आणि मागे-बाजूला थेट फायबर नको. फायबरमधलं रेझिन लाकडापेक्षा लवकर मऊ पडतं, साधं पॉलिएस्टर रेझिन शंभर अंशाच्या आतच ढिलं व्हायला लागतं आणि पेटलं तर काळा विषारी धूर सोडत भराभर जळतं. भिंतीपासून थोडं अंतर सोडून स्टीलचा पत्रा लावा, पत्रा आणि भिंत यांच्या मधे बोटभर हवा खेळती राहिली पाहिजे, नुसता पत्रा भिंतीला चिकटवला तर तो तव्यासारखा तापून मागचं फायबर भाजतो. ओव्हनच्या पुस्तिकेत किती अंतर सोडा ते लिहिलेलं असतं, तेवढं तरी सोडाच.

आता तुमचा प्रश्न. कॅम्पिंगच्या गॅस ओव्हनवर एक लेबल असतं, फक्त उघड्यावर वापरा. लोक ते सोलून टाकतात. ते लेबल कंपनीने स्वतःची मान सोडवायला लावलंय असं समजू नका. असे बरेच ओव्हन गॅसच्या छोट्या, वापरून फेकायच्या डब्यावर चालतात, डबा थेट ओव्हनला लागतो म्हणजे गॅसचा साठा केबिनच्या आतच आला. आणि ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय सगळ्याच ओव्हनमधे असते असं नाही. ही सोय म्हणजे ज्योतीत टोक बुडवलेली एक बारीक धातूची सळी (थर्मोकपल) असते, ती तापलेली असेल तोवर व्हॉल्व्ह उघडा राहतो, गार झाली की थोड्या वेळात खटकन बंद. पेटवल्यावर नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो तो याच्यासाठीच. दुकानात गेलात की पहिलं हे बघा, वरच्या बर्नरला आहे आणि ओव्हनच्या बर्नरला नाही असंही असतं, म्हणून प्रत्येक बर्नरचं वेगळं विचारा. नसेल तर बोटीसाठी तो ओव्हन नाही.

एवढं का घाबरवतोय? कारण गॅस हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन साधारण दीडपट, ब्युटेन दुप्पट. घरात गळला तर दार-खिडकीतून निघून जायची काही तरी शक्यता असते, बोट म्हणजे मुळात पाणी आत न येऊ देणारं भांडं, ते गॅसही बाहेर जाऊ देत नाही. गळलेला गॅस पायाखालून वाहत बिल्जमधे, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत जाऊन बसतो आणि नाक वर असतं त्यामुळे वासही उशिरा येतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ते मिश्रण स्फोटक होतं. हिशोब करून बघा, बिल्जमधे एक घनमीटर जागा असेल तर तिथे २० लिटर गॅस म्हणजे जेमतेम ४० ग्रॅम पुरतो. त्या फेकायच्या डब्यात पाव ते अर्धा किलो असतो. मग सकाळी कुणीतरी इंजिनचा स्टार्टर मारतो, किंवा बिल्ज पंप आपोआप सुरू होतो, ठिणगी तेवढीच लागते.

म्हणून गॅसचाच घ्यायचा ठरला तर सिलिंडर बाहेर, डेकवर, स्वतःच्या पेटीत. पेटीचं झाकण वरून उघडणारं, केबिनच्या बाजूने पूर्ण बंद, आणि तळाला निदान २० मिलीमीटरचं भोक जे नळीने थेट बोटीबाहेर पाण्याच्या रेषेच्या वर उघडतं. गळती झाली तर गॅस समुद्रात सांडतो, बोटीत येत नाही. ते भोक जाळ्याच्या धाग्यांनी आणि खवल्यांनी बुजतं, दर फेरीला तांब्याभर पाणी ओतून बघा वाहतंय का. सिलिंडर उभाच बांधा, आडवा केला तर वाफेऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमधे शिरतो आणि ज्योत हातभर उठते. रेग्युलेटर ओव्हनच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाचाच, पाटीवर ३० मिलीबार असेल तर ३०चाच, ३७ चालतो म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नका. पेटीपासून आतपर्यंत शक्यतो एकच अखंड तांब्याची नळी, मधे जोड नको, भिंतीतून जाते तिथे रबरी बुश, आणि ओव्हनला जोडायला शेवटचा तुकडा गॅससाठीच्याच होजचा. होजवर बनवल्याची तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की दिसायला कितीही चांगला असला तरी बदला. लहान बोटींवरच्या गॅससाठी आयएसओ १०२३९ नावाचं मानक आहे, काम करणाऱ्या माणसाला ते माहीत आहे का एवढं विचारून बघा, चेहऱ्यावरूनच कळतं.

गळतीची तपासणी तुमची तुम्हाला करता येते. सिलिंडरजवळ एक प्रेशर गेज बसवून घ्या. ओव्हन आणि शेगडीचे सगळे नॉब बंद करा, सिलिंडर उघडा, काटा वर गेला की सिलिंडर बंद करा आणि घड्याळ लावून निदान तीन मिनिटं काट्याकडे बघत बसा. काटा जरा जरी उतरला तरी कुठेतरी गळतंय. मग भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने जोडांवर लावा, बुडबुडा येईल तिथे गळती. आगपेटीने तपासणारे महाभाग अजून आहेत, काय बोलणार.

बांधणीबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिला ओव्हन बसवला तेव्हा चारी बाजूंनी सुंभाने असा आवळला होता की क्रेनने ओढला तरी निघाला नसता, आणि त्याच्यावर मी फार खूश होतो. दार मात्र बोटीच्या आडव्या दिशेने, म्हणजे दोन्ही काठांपैकी एकाकडे तोंड. दुसऱ्या दिवशी दुपारी बटाटे भाजायला लावलेले, एक आडवी लाट आली, ओव्हन तसूभर हलला नाही पण दाराला नुसती छोटी स्प्रिंग होती ती सुटली आणि तापलेला ट्रे घसरगुंडीसारखा बाहेर येऊन केबिनच्या फळीवरून सरकत सरकत तांडेलच्या (बोटीच्या मुख्य नाखव्याच्या) अनवाणी पायापासून वीतभर अंतरावर थांबला. त्याने ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, चहा टाक. त्या दिवसानंतर ओव्हन फिरवून बसवला, तोंड नाळेकडे किंवा मागे. मासेमारीची बोट पुढे-मागे झुलते त्यापेक्षा डाव्या-उजव्या बाजूला जास्त डोलते, तेव्हा दार पुढे किंवा मागे असेल तर ट्रे आतल्या भिंतींना आपटतो, बाहेर येत नाही. दाराला वरून पडणारी खरी कडी लावा. पायांना बोल्ट किंवा स्टीलच्या पट्ट्या, सुंभ नको, उष्णतेने तो कमकुवत होतो आणि नायलॉनचा असेल तर वितळतो. आणि समोर कमरेच्या उंचीवर एक आडवा दांडा, म्हणजे तोल गेला की माणूस दांडा पकडेल, ओव्हन नाही.

घरच्या ओटीजीबद्दल खाली वेगळं पत्र आहे ते वाचा. आणि हे सगळं जड वाटत असेल तर तिसरा पर्याय आहे जो कुणी विचारतच नाही, शेगडीवर ठेवायचा ओव्हन. मधे भोक असलेलं गोल अॅल्युमिनियमचं भांडं, खाली स्टीलची ताटली, वर झाकण, ओम्निया नावाने मिळतो तो असाच असतो. किंवा घडीचा पत्र्याचा डबा जो बर्नरवर उभा करतात. नवीन गॅस जोड नाही, नवीन वायर नाही, काम झालं की कपाटात. सहा जणांना एका वेळी पुरणार नाही, दोन घाण्यांत करावं लागेल. पण तुमच्याकडे शेगडी आधीच नीट बसवलेली असेल तर मी आधी हेच घेईन आणि एक हंगाम वापरून बघेन.

प्रश्न: काका मी बोटीवर सगळ्यात लहान, स्वयंपाक माझ्याकडे असतो. पावसात दार-खिडक्या लावून गॅसचा ओव्हन चालू ठेवला की माझं डोकं जड होतं, मळमळतं. थंडी असते म्हणून सगळेच म्हणतात ओव्हनचं दार उघडं ठेव, केबिन गरम होते. तांडेल म्हणतो तुला बोट लागते. खरंच बोट लागते का?

नाही रे बाबा, हे पत्र वाचून मी जेवण सोडून उत्तर लिहायला बसलो. आजपासून ओव्हन बंद केबिनमधे लावायचा नाही, आणि केबिन गरम करायला तर कधीच नाही.

बोट लागली तरी डेकवर मोकळ्या हवेत थोडं बरं वाटू शकतं, पण तुझं डोकं ओव्हन चालू असतानाच जड होतं. तुला बाहेर गेल्यावर हलकं वाटतं का? केबिनमधल्या अजून कुणाचं डोकं दुखतं का? तसं असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड असण्याची दाट शक्यता आहे. जळायला हवा कमी पडली की तो तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोराने त्याला धरून बसतं, म्हणून श्वास चालू असतो आणि अंगाला ऑक्सिजन मात्र पोचत नाही. आधी डोकेदुखी, मळमळ, मग गुंगी, मग माणूस झोपतो आणि उठत नाही. यात वाईट हे की विचार करायची ताकदच आधी जाते, तेव्हा जाणवेल मग दार उघडेन असं म्हणून चालत नाही.

ज्योत बघ. निळी आणि ताठ असेल तर ठीक, पिवळी, लोळणारी असेल आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल तर बर्नर घाण आहे किंवा हवा कमी आहे. पण निळी आहे म्हणून बंद खोलीत चालते असंही नाही, ती हवा खातच असते. तुझ्या केबिनच्या काचांवर पाणी धरतं ना? एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. तुझा ओव्हन तासाला शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस खात असेल तर जवळजवळ पेलाभर पाणी तासाला भिंतींवर. काचा घामेजल्या की समज, धूरही कुठे गेलेला नाही, सगळं आत आहे.

दोन झरोके पाहिजेत, एक खाली एक वर, आणि पावसात कुणी चिंध्या कोंबून बुजवणार नाही असे पाणी न येणारे. एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, बोटी आणि कॅराव्हॅनसाठी ईएन ५०२९१-२ असं लिहिलेला मिळतो तो, झोपतो त्या ठिकाणी श्वासाच्या उंचीवर. ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तो तास-दीड तासाने वाजतो, ३०० पीपीएमला तीन मिनिटांत. आणि गॅस गळतीचा अलार्म वेगळा, तो खाली जमिनीजवळ, कारण गॅस खाली बसतो. एकच यंत्र दोन्ही कामं करेल असं समजून कुणी मधेच कुठेतरी टांगतात, मग ते एकही काम धड करत नाही.

कुणी गुंगीत दिसला तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत काढ, मग गॅस बंद, मग रेडिओवर मदत माग. झोपू दे थोडा वेळ, बरं वाटेल, असं करायचं नाही. हे पान तांडेलला वाचायला दे, माझं नाव सांगून दिलंस तरी चालेल.

प्रश्न: आमच्याकडे गॅसची कटकट नको म्हणून इन्व्हर्टरवर ओटीजी किंवा मायक्रोवेव्ह चालवायचा विचार आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, १०० अॅम्पियर-अवरच्या. १५०० वॉटचा इन्व्हर्टर मिळतोय. चालेल ना?

मायक्रोवेव्ह जमेल, ओटीजी अवघड आहे. का ते आकड्यांत बघू.

१२०० वॉटचा ओटीजी म्हणजे १२ व्होल्टवर १०० अॅम्पियर, इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा टक्के खातो तो धरून ११५. ट्रेभर काही भाजायला आधी तापवण्यापासून धरून पाऊण तास. थर्मोस्टॅट मधे मधे बंद करतो म्हणून पूर्ण वेळ नाही पण साठ टक्के धरलं तरी पन्नासेक अॅम्पियर-अवर गेले. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढू नये नाहीतर ती लवकर मरते, म्हणजे दोन बॅटऱ्यांतून तुमच्या हातात १०० आहेत, आणि एवढ्या जोराने ओढलं की तेवढेही मिळत नाहीत. दोनदा ओव्हन लावला की रात्रीचे दिवे, जीपीएस, रेडिओ सगळं संपलं. इंजिन चालू असताना लावेन म्हणाल तर अल्टरनेटरवर लिहिलेले अॅम्पियर पूर्ण वेगाचे असतात, संथ चालताना बरेच कमी. त्यातली एक बॅटरी इंजिन सुरू करायची असेल तर तिला हात लावायचाच नाही, ओव्हनपायी समुद्रात इंजिन सुरू न होणं याला काही उत्तर नाही.

मायक्रोवेव्हचं गणित वेगळं. डब्यावर ८०० वॉट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारं, भिंतीतून तो १२००-१३०० ओढतो हे बघून इन्व्हर्टर घ्या, तुमचा १५००चा काठावर आहे, मी २००० घेईन. पण तो चालतो पाच-दहा मिनिटं. दहा मिनिटांना वीसेक अॅम्पियर-अवर, हे झेपतं. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, स्वस्तातल्यावर मायक्रोवेव्ह घरघरतो, कमी तापतो आणि ट्रान्सफॉर्मर गरम होतो. भाजल्याची खरपूस चव मायक्रोवेव्हमधे येत नाही, हे मान्य करूनच घ्या. काचेची ताटली प्रत्येक वेळी काढून टॉवेलमधे गुंडाळून ठेवा.

वायर. इथे लोक सगळ्यात जास्त काटकसर करतात. सव्वाशे अॅम्पियर म्हणजे वेल्डिंगच्या जवळपासचा करंट आहे, घरातली वायर दोन मिनिटांत मऊ होईल. जाता-येता मिळून सहा मीटर वायर असेल तर निदान ३५ स्क्वेअर मिलीमीटर, शक्य असेल तर ५०, आणि टिन चढवलेलं तांबं, साधं तांबं खारट हवेत आतून हिरवं होतं आणि बाहेरून कळत नाही. फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात, इन्व्हर्टरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटला ३० मिलिअॅम्पियरचा आरसीडी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), ओले हात आणि २३० व्होल्ट यांची गाठ पडणारच आहे असं धरून चाला. तुमची बोट २४ व्होल्टची असती तर करंट निम्मा आला असता, पुढेमागे वायरिंग बदलायचं असेल तर डोक्यात ठेवा.

पोर्टेबल जनरेटर आत ठेवून ओटीजी चालवणार असाल तर वरच्या पोराचं पत्र परत वाचा.

प्रश्न: माझी १८ फुटी उघडी होडी, आउटबोर्ड. पहाटे निघतो दुपारी परत. लायटर सॉकेटला लागणारा १२ व्होल्टचा छोटा डब्यासारखा ओव्हन मिळतो तो घेऊ का?

घ्या, तुमच्यासाठी तोच बरोबर. फक्त तो भाजत नाही, गरम करतो. शंभर-दीडशे वॉटचा असतो, म्हणजे साधारण आठ ते बारा अॅम्पियर, आणि डबा गरम व्हायला तास-दीड तास घेतो, तेव्हा जाळं टाकलं की लावायचा. इंजिन चालू असतानाच. लायटर सॉकेट खारट पाण्यात सगळ्यात आधी सडतं, आतली स्प्रिंग गंजली की तिथेच तापतं आणि प्लास्टिक वितळतं, त्यामुळे सॉकेट काढून स्क्रू होणारा पाणी न शिरणारा प्लग आणि १५ अॅम्पियरचा फ्यूज लावून घ्या. पेट्रोलची टाकी जिथे आहे त्या बाजूला नको, पेट्रोलची वाफही खालीच बसते. गॅसचा ओव्हन उघड्या होडीत वाऱ्याने विझतो, आडोसा म्हणून लोक ताडपत्री धरतात, तो विचार सोडून द्या.

प्रश्न: शिडाच्या बोटींवर झुलणारा ओव्हन बघितला, बोट कलली तरी सरळ राहतो. तसा झुला करून आपल्या ट्रॉलरवर पोर्टेबल ओव्हन टांगला तर?

शिडाची बोट एका बाजूला कलून तशीच तासन्‌तास चालते, तिथे झुला कामाचा. ट्रॉलरचं डोलणं झटक्याचं असतं, झुला मागे राहतो आणि मग जोरात येऊन आपटतो. मी घट्ट बसवून वर कठडे आणि भांडी धरणाऱ्या पट्ट्या लावायच्या मताचा आहे. तरी करणारच असाल तर खिळी बोटीच्या लांबीच्या दिशेत, म्हणजे ओव्हनची पाठ काठाकडे (वर मी घट्ट बसवलेल्यासाठी उलटं सांगितलं, गोंधळ करू नका), आणि खिळी वजनाच्या मध्याच्या बऱ्याच वर. घरगुती झुले इथेच फसतात. रिकामा ओव्हन छान झुलतो, मग वर पाण्याने भरलेला टोप ठेवला की वजन वर जातं आणि ओव्हन पालथा व्हायला बघतो. धक्क्यावर असतानाच वर भरलेला टोप, आत काहीच नाही, अशा स्थितीत हाताने ढकलून बघा. दार उघडलं की दाराच्या वजनानेही तो पुढे झुकतो, म्हणून दार उघडायच्या आधी झुला लॉक करणारी खीळ हवीच. होज पूर्ण झोक्याला पुरेल एवढा लांब, आणि कुठेही घासणार नाही असा.

प्रश्न: ओव्हनच्या आत आग लागली तर दार उघडून पाणी मारायचं का?

दार उघडायचं नाही. गॅस किंवा वीज बंद करा, दार बंदच ठेवा, आतली हवा संपली की आग बहुतेक वेळा आतच मरते. उघडलंत की हवा मिळून ज्वाळा तोंडावर येते. तेल-चरबी पेटलेली असेल तर पाणी म्हणजे भडका. फायर ब्लँकेट आणि आग विझवायच्या पावडरचं सिलिंडर केबिनच्या दाराजवळ टांगा, ओव्हनच्या मागे टांगलेलं सिलिंडर घ्यायला आगीतूनच हात घालावा लागतो, हे मी तीन तरी बोटींवर बघितलंय.

प्रश्न: स्टेनलेस म्हणून घेतलेला ओव्हन सहा महिन्यांत तांबूस झाला. फसवलं का?

फसवलं असेलच असं नाही. स्टेनलेसमधेही प्रकार आहेत, ३०४ खाऱ्या हवेत डाग धरतो, ३१६ बराच टिकतो, आणि स्वस्त ओव्हनची फक्त बाहेरची कातडी स्टेनलेस असते, आतले स्क्रू, बिजागऱ्या, बर्नर साधं लोखंड. लोहचुंबक खिशात ठेवून दुकानात जा, ३०४ आणि ३१६ला तो जवळजवळ चिकटत नाही, पटकन चिकटला तर विचारा. फेरीवरून आलात की गोड्या पाण्याचं फडकं फिरवा आणि पूर्ण सुकू द्या, ओला ओव्हन ताडपत्रीत गुंडाळणं म्हणजे गंजाला अंथरूण घालून देणं. बर्नरची भोकं बारीक तारेने मोकळी करा पण मोठी करू नका.

आणि पहिल्या पत्रवाल्यांचं दुसरं पत्र. त्यांची फेरी निघणार होती म्हणून मी उत्तर छापायच्या आधीच कळवलं होतं, तर त्यांनी खरंच पुठ्ठ्याचं खोकं नेलं. लिहितात: काका, खोकं पहिल्याच रात्री एकाने पाय ठेवून चेपलं, मग दोनदा जागा बदलली. तिसऱ्या जागी चार दिवस कुणाचा धक्का लागला नाही, दार जवळ नाही, हवा येते, सगळं बरोबर. फक्त ती जागा लाइफ जॅकेटच्या खणाची आहे. जॅकेटं पुढे नाळेकडच्या खणात जाळ्यांखाली ठेवली तर चालतील का?

नाही. जॅकेटं तिथेच राहू द्या. ती गोल भांडीवाली सोय बघा, शेगडीवरची.